अव्वांनी कॉम्प्युटर धुतला

"ह्येच्यावरचं पांघरूण काढा. औंदा ह्यो बी धुवायचा हाय."

शिवगंगा अव्वांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवून हे सांगितलं, तेव्हा घरातली तीन माणसं जिथल्या तिथं थांबली. मुलगा बसवेश शिडीवर चढून माळ्यावरची पितळी घागर खाली देत होता, तो घागरीसकट थांबला. सून वर्षाराणी वाकळांचं गठुडं बांधत होती, तिची गाठ अर्धीच राहिली. आणि नात अक्षता कॉम्प्युटरसमोरच बसली होती, तिनं दोन्ही हात पसरून त्या डब्याला मिठीच मारली.

"अज्जी, पाण्यानं न्हवं ना?"

"मी काय खुळी हाय व्हय गं? काल त्यो जोतीराम काय बोलला, ऐकलं न्हाईस? आत पार कोंबलंय म्हणला. म्हणून ह्यो सारखा धापा टाकतोय म्हणला. मग? घट बसायच्या आदी घरात असलं कोंबलेलं ठिवायचं?"

घटस्थापना चार दिवसांवर आली होती. उत्तरेश्वर पेठेतल्या घराघरांतून वाकळा, सतरंज्या, पडदे पंचगंगेच्या घाटाकडे निघाले होते. अव्वांच्या घरी तर ज्याच्यावर धूळ बसू शकते ते सगळं धुतल्याशिवाय घट बसत नसत. आदल्या साली त्यांनी वर्षाराणीच्या शिवणयंत्रालाही चिंच लावून घासलं होतं. यंत्र लखलखलं, पण पुढं दोन महिने शिवेना. त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नसे.

जोतीराम हा कोडोलीचा. पेठेतल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा. काल येऊन त्यानं सांगितलं होतं, "ह्यात जागाच शिल्लक न्हाई. सगळं पुसून कोरा करून देतो, मग बघा कसा पळतोय. फकस्त ठिवायचं काय ते सीडीवर काढून घ्या. ही एक सीडी ठिवून जातो, लागली तर आणिक देतो."

"आणिक कशाला?" अव्वा लगेच म्हणाल्या होत्या. "एका ट्रंकंत सगळा संसार घालून मी निपाणीवरनं ह्या घरात आलतो. ह्यास्नी फोटू ठिवाय चार चार सीड्या व्हय? एकच बास."

अव्वांचं बोलणं असं. खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी, वरच्या मजल्यावर घर. नवरा शिवय्या गेला तेव्हा बसवेश शाळेत होता. चार लोक म्हणाले, गिरणी भाड्यानं द्या. अव्वांनी पदर खोचला आणि स्वतः पट्टा चढवला. तेव्हापासून त्या मोटारीच्या आवाजावर मात करून बोलत आल्या. "दळण गव्हाचं का भाकरीचं?" हेही ओरडून, आणि "चहा घेणार का?" हेही ओरडून. पुढं पुढं गिरणी बंद असली तरी आवाज तेवढाच राहिला. नवं गिऱ्हाईक दचकायचं. जुनी म्हणायची, "घाबरू नगा, पावणं. मायेनंच बोलाल्यात."

पण कॉम्प्युटरची त्यांना एवढी काळजी का लागली होती, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक शिवय्यांची. डोक्यावर टोपी, शेजारी स्टुडिओतली फुलदाणी, नजर करारी. दुसरी अव्वांच्या सासूबाईंची. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा एकटीचा फोटोच सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि मोठं केलं. कापताना शेजारच्या बाईचं कोपर तेवढं आत राहिलं. बांगड्यांसकट. घरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी हात जोडायचा आणि मग विचारायचा, "ह्यो हात कुणाचा वो?"

अव्वांना त्या हाताचा भारी राग. एवढी मोठी बाई, साऱ्या पेठेत जिचा दरारा, आणि जन्मभरासाठी दुसरीचं कोपर बरगडीला लावून भिंतीवर बसली! आपलं असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दोन तसबिरींच्या मध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं एक खिळा ठोकून ठेवला होता. त्याच्यावर कॅलेंडर लटकत होतं, आणि घरातल्यांना वाटे, खिळा कॅलेंडरचाच आहे.

आणि फोटो तर काय, चार वर्षांपूर्वी बसवेशनं डिजिटल कॅमेरा आणल्यापासून त्या डब्यात ढिगानं पडले होते. त्यातला एक, तोंड मिटलेला, नजर करारी, शेजारी कुणाचं कोपर नसलेला, आपला निघेलच. तो हळूच बाजूला काढून ठेवायला सांगायचा. कशाला, ते सांगायचं नाही. सणाच्या तोंडावर मरणाबिरणाचं बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी गिरणी बसवेशच्या गड्यावर सोपवून सगळे कॉम्प्युटरपुढं बसले. अव्वा मधल्या खुर्चीवर मांडी घालून, मांडीवर तांदळाचं सूप. खडा निवडत निवडत निकाल द्यायचा होता.

"ह्ये काय?"

"न्यू फोल्डर," अक्षता म्हणाली.

"आत काय हाय?"

"आणिक एक न्यू फोल्डर."

"आन् त्येच्या आत?"

अक्षतानं उघडून बघितलं. "न्यू फोल्डर दोन."

"गठुड्यात गठुडं, आन् त्येच्यात आणिक गठुडं! आन् नाव कशालाच न्हाई. उद्या मलकापूरची तुझी आत्या आली, म्हणली बारशाचं फोटू द्या, तर ती काय न्यू फोल्डर द्या म्हणून मागंल? मागणारा ज्या नावानं मागतोय, त्येच नाव घाल."

मग नावं पडत गेली. 'मलकापूरची आत्या'. 'वडगावचं पाव्हणं'. 'अक्षीची शाळा'. 'देव'. 'गिरणी'. अव्वा शाळेत तिसरीपर्यंतच गेल्या होत्या, पण अक्षतानं टाइप केलेलं अक्षर न् अक्षर त्या लावून बघत होत्या. 'पाव्हणं'चा काना सुटला होता तो त्यांनीच धरला.

त्यानंतर पाखडणं सुरू झालं. एकाच केकचे दहा फोटो. "एक ठेव. केक त्योच हाय, कितीदा कापशीला?" बसवेशच्या नव्या मोटारसायकलचे फोटो, डावीकडून, उजवीकडून, खालून. "खालनं कशाला काढलास रं? इकायची हाय?" पन्हाळ्याची सहल. पडदाभर नुसतं पांढरं.

"ह्यात काय हाय?"

"पन्हाळा, अव्वा. धुकं हुतं," बसवेश म्हणाला.

"दुधाच्या पातेल्यात कॅमेरा बुडवल्यागत दिसतंय. टाक."

'ऑफिस' नावाच्या कप्प्यात ऑफिसाचं काही नव्हतं, सिनेमातल्या नट्या होत्या. अव्वांनी चष्मा वर सरकवला.

"ह्या कोण?"

बसवेश खिडकीबाहेर बघायला लागला. "वॉलपेपर हाईत ते."

"आपल्या पाव्हण्यातल्या तर न्हाईत. टाक."

"सावकाश टाक गं, अक्षू," वर्षाराणी म्हणाली. "एकेक दाखवून टाक. पप्पास्नी शेवटचं बघू दे."

अव्वा सुद्धा हसल्या, सुपातले चार तांदूळ सांडेपर्यंत. सुनेशी त्यांचं रोज एकदा तरी वाजायचं, पण सुनेच्या जिभेला आपल्यासारखीच धार आहे, हे त्यांना आतून आवडायचं.

मग 'गिरणी'चे फोटो लागले.

"ह्यी कोण तोंड वासून हुबी हाय?"

बसवेशनं आणि वर्षाराणीनं एकमेकांकडे बघितलं. मग अक्षता हळूच म्हणाली, "तूच हाईस, अज्जी."

अव्वांनी वाकून बघितलं. डोळे बारीक, तोंड विहिरीएवढं. "टाक."

पुढचा. पुन्हा तोंड उघडं. "टाक." लग्नातला. पंगतीत वाढप्याला काहीतरी सांगताना, तोंड उघडं, हात वर. "टाक." बारशातला. पाळण्याच्या दोरीवरून कुणाला तरी झापताना. "टाक." एकात नुसती पाठ. "पाठ काय बघायची? टाक." प्रत्येक वेळी त्यांना वाटे, पुढचा बरा असेल. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर तीच बाई, तेच वासलेलं तोंड. आपण बोलताना अशा दिसतो? चाळीस वर्षं लोक हे बघत आलेत?

एक आशा होती. अक्षता दहावीला पेठेत पहिली आली तेव्हाचा सत्कार. त्या दिवशी अव्वा इरकल नेसल्या होत्या, कपाळावर विभूतीचे पट्टे नीट ओढले होते, आणि खुर्चीवर बसून मुद्दाम तोंड मिटून धरलं होतं. फोटो वर्षाराणीचा भाऊ हंबीरराव यानं काढला होता. फोटो काढल्याचं त्यांना चांगलं आठवत होतं. सुपातला हात थांबवून त्या बसल्या.

फोटो उघडला. इरकल झकास आलं होतं. काठ, पदर, मांडीवरचे हात, सगळं. मानेच्या वर मात्र फोटो संपला होता.

"लुगडं तर लई भारी आलंय," बसवेश म्हणाला, आणि मग कुणालाच हसू आवरेना.

"तुज्या भावाला कॅमेऱ्यापेक्षा नांगर द्या हातात," अव्वा सुनेला म्हणाल्या. "टाक."

सगळं निवडून झालं तेव्हा अक्षतानं सांगितलं, "टाकलेलं सगळं ह्या बादलीत हाय, अज्जी. पायजे तर परत काढता येतंय."

"म्हंजे अजून घरातच हाय?"

"व्हय."

"मग झाडलं कसलं? उकिरडा उंबऱ्याच्या आत ठिवून घर झाडलं म्हणतीस? रिकामी कर ती बादली."

"अज्जी, नक्की?"

"एकदा सांगितलं की."

अक्षतानं बटण दाबलं. कागद चुरगाळल्यासारखा आवाज झाला. अव्वांना तो आवाज आवडला. काहीतरी खरंच साफ झाल्यासारखं वाटलं. नंतर जोतीराम आला, राहिलेलं सीडीवर घेतलं, कॉम्प्युटर कोरा केला आणि जाताना सांगून गेला, "आता आतलं जुनं काय बी मागू नगासा. पार धुऊन निघालंय."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर लखलखत होतं. वाकळा वाळून घड्या झाल्या होत्या. कॉम्प्युटरवर धुतलेलं पांघरूण, आणि कॉम्प्युटर बटण दाबल्या दाबल्या उघडत होता. अव्वांनी तो शेजारपाजाऱ्यांना दाखवायला तीनदा उघडायला लावला. चौथ्यांदा शेजारच्या शालूबाई आल्या. अक्षतानं सीडी घातली. एकामागून एक फोटो येऊ लागले. बारसं, लगीन, वडगाव, देव. नीट, ओळीनं, एकासारखा दुसरा नाही.

शालूबाई शेवटपर्यंत बघत बसल्या. मग म्हणाल्या, "झ्याक हाय. सगळी हाईत. पर अव्वा कुटं हाईत ह्यात?"

"हाईत की," बसवेश म्हणाला. "अक्षे, मागं घे जरा."

अक्षतानं मागं घेतलं. पुढं घेतलं. लगीन बघितलं, गिरणी बघितली. गिरणीत गड्याचा फोटो होता, जात्याचा होता, गिऱ्हाइकांच्या रांगेचा होता.

"अव्वा," बसवेशचा आवाज उतरला. "तू तुजं सगळंच टाकलंस व्हय गं? एक बी ठिवला न्हाईस?"

"घाण हुती ती काढली," अव्वा म्हणाल्या. "चांगला आस्ता तर ठिवला आस्ता."

त्या हे नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. पण नजर भिंतीकडे गेली. कॅलेंडराकडे. सासूबाई निदान कोपराच्या आधारानं का होईना, भिंतीवर होत्या. आपण तर स्वतःच्या हातानं, सूप मांडीवर घेऊन, स्वतःला पाखडून बाहेर टाकलं होतं. आणि उकिरडा रिकामा करायलाही आपणच सांगितलं होतं.

"नवीन काढूया की आता," बसवेश कॅमेरा शोधायला उठला. "नीट बस, अव्वा. तोंड मिट."

अव्वा बसल्या. तोंड मिटलं. दोन-तीन काढले. पडद्यावर जी बाई आली ती दाढ दुखत असल्यासारखी दिसत होती.

"ही कोण?" शालूबाई म्हणाल्या. "ह्या बाईला मी वळकत न्हाई."

"गप बस तू," अव्वा म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. बसवेश खाली गिरणीत निघून गेला. अक्षतानं सीडी काढून पाकिटात घातली. खोलीत धुतलेल्या सतरंजीचा वास तेवढा होता.

तेवढ्यात टेबलावर वर्षाराणीचा मोबाईल वाजला. वर्षाराणी आत पुरणाला बसली होती. अव्वांनी तो उचलला, घ्यायचा कसा ते बघायला डोळ्यांजवळ धरला, आणि तशाच राहिल्या.

फोनच्या एवढ्याशा काचेत त्या स्वतःच होत्या. भुवया पिठानं पांढऱ्या, कपाळावरची विभूती पिठात हरवलेली, एक हात हवेत, आणि तोंड हे एवढं उघडं. खाली लिहिलं होतं, 'अव्वा'.

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "मी हितं बसलोय, आन् मीच फोन कराय लागलोय?"

शालूबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. अक्षतानं फोन घेतला. खालून बसवेश बोलत होता. गिरणीच्या फोनवरून, चाळणी कुठं ठेवली ते विचारायला. गिरणीचा नंबर वर्षाराणीच्या मोबाईलमध्ये 'अव्वा' म्हणून होता, आणि तो नंबर वाजला की हा फोटो यायचा. दोन वर्षं येत होता. बसवेशला तर माहीतही नव्हतं.

वर्षाराणी हात पुसत बाहेर आली, आणि अव्वांचं तोंड बघून दारातच थबकली.

"कवा काढलास ह्यो?"

"ते... मोबाईल नवीन हुता, अव्वा."

"कवा काढलास, इचारलं मी."

वर्षाराणीनं एकदा शालूबाईंकडे बघितलं. मग ठरवून टाकल्यासारखी बोलली. "आपलं भांडण झालतं. त्या शिवणयंत्रावरनं न्हवं, त्येच्या आदीचं. मी वडगावला, म्हायेरी निघालतो. पिशवी भरून गिरणीच्या दारात हुबी हुतो. तुमी आतनं वरडाय लागलासा. म्हटलं, काढावा फोटो, आन् आईला दाखवावा, बघ माझी सासू कशी वरडतीया."

शालूबाईंचं हसू थांबलं.

"मग?" अव्वा म्हणाल्या. "दाखवलास आईला?"

"न्हाई."

"का?"

"मोटर चालू हुती, पयल्यांदा ऐकू आलं न्हाई. मग जवळ आलो तवा ऐकलं. तुमी म्हणत हुतासा, आदी जेवून जा. पिठलं गरम हाय." वर्षाराणीनं पदर उगीचच सारखा केला. "जेवलो. मग एस्टी चुकली. मग ऱ्हायलंच."

अव्वांनी फोन पुन्हा मागून घेतला आणि बराच वेळ बघितला. त्या सगळ्या टाकलेल्या फोटोंत आपण काय बोलत असू, हे त्यांना एकेक आठवायला लागलं. वाढप्याला सांगत होतो, त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला आमटी दे, कवाचा बसलाय. पाळण्याच्या दोरीवरून सांगत होतो, पोराच्या डोळ्यावर ऊन येतंय, सरका.

"ह्यो मोठा करून मिळतोय का?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसले, दिवा लागला, आणि अव्वा सुनेला घेऊन फोटोवाल्याकडे गेल्या. त्यानं मोबाईलवरून फोटो घेतला, मोठा करून दाखवला. तोंडाच्या जागी चौकोनी ठिपके दिसायला लागले.

"लई बारका कॅमेरा हाय ह्यो, मावशी. मोठा न्हाई व्हायचा. फार तर पोस्टकार्डाच्या निम्मा."

"व्हईल तेवढा काढ," अव्वा म्हणाल्या. "चौकट मात्र माझ्या सासूच्या मापाची पायजे. ह्या एवढी."

"मावशी, मोकळं मोकळं दिसंल. चौकट हत्तीएवढी आन् फोटो..."

"चौकट तुज्या घरात लावायची हाय का माझ्या?"

फोटोवाल्यानं गप्प मोठा पांढरा पुठ्ठा कापला. त्याच्या मधोमध, पिठाच्या ढिगात बोट बुडवावं तसा, अव्वांचा फोटो बसला.

कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं. बसवेशनं आधी जरा कुरकुर केली, "जित्या माणसाचा फोटो असा भिंतीवर..." त्यावर अव्वा म्हणाल्या, "हार घालू नगा, म्हंजे झालं. खिळा माझाच हाय." बसवेशनं खिळ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि मुकाट्यानं स्टुलावर चढला.

संध्याकाळी ओटी घेऊन बायका आल्या. शालूबाई सगळ्यांत पुढं. दारातूनच त्यांनी डोळे बारीक केले.

"चौकट लई नामी हाय. पर लांबनं कोण हाय त्ये कळत न्हाई, अव्वा."

"मग जवळ यायचं," अव्वा म्हणाल्या.

शालूबाई गेल्या जवळ. पार नाक काचेला लागेपर्यंत. मग फिसकन हसल्या, आणि मागच्या बायकांना खुणेनं बोलावून घेतलं. एकेक जण पुढं होऊन बघत होती, हसत होती, आणि सरकून दुसरीला जागा देत होती. हात कुणाचा, असं त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

बायका गेल्या, वर्षाराणी दळण बघायला खाली उतरली. काचेवर शालूबाईंच्या नाकाचा डाग राहिला होता. अव्वांनी पदराच्या टोकानं तो पुसला. पुसता पुसता त्याही जवळ गेल्या. खाली गिरणीचा पट्टा चढला, जमीन हलकेच थरथरली, आणि तसबीर खिळ्यावर बारीक वाजायला लागली. अव्वांनी एका हातानं ती धरली, मान जिन्याकडे वळवली, आणि तोंड उघडलं.

"वर्षाऽऽ! जेवाय चल की गं!"